धूर मोजला, अग्नीचं काय? शाळांच्या प्रगतीचे आकडे कसे वाचावेत



आयोजकांनी विषय दिला तो असा : आपल्या जिल्ह्यातल्या शाळा पुढे चालल्या आहेत की मागे? विषय हाती आल्यावर आम्ही आधी आकडे काढून बसलो. आकड्यांची टंचाई मुळीच नाही. दहावी-बारावीचे निकाल आहेत, ‘असर’चे अहवाल आहेत, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे, त्याच्या जागी आता आलेलं ‘परख’ आहे, शिवाय जिल्ह्यांना श्रेणी देणारा निर्देशांक आहे. पण इथे वरसे गावातल्या एखाद्या आईनं विचारलं, की ‘माझी पोरगी चौथीत होती, आता सहावीत आहे, या दोन वर्षांत ती काय शिकली?’ तर यातला एकही आकडा तिला उत्तर देत नाही. इतकं मोजूनही हा साधा प्रश्न उरतो कसा, एवढ्याच गोष्टीवर आज बोलायचं आहे.

आम्ही शिक्षणखात्यातले नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण समोर ठेवलेला पुरावा नेमका कशाचा पुरावा आहे, हे विचारणं आमच्या विषयाचं रोजचं काम. तेवढंच करू.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे, तुम्ही ऐकलं असेल. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर ही खूण, अग्नी हे अनुमान. खूण खरी असेल तर अनुमान बरोबर. पण नैयायिक पुढे एक खोचक प्रश्न विचारतात : हेच उलटं चालेल का? अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येईल का? नाही येणार. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं लागतं. या ‘ओल्या सरपणा’ला ते ‘उपाधी’ म्हणतात. म्हणजे मधली अशी अट, जी आपल्या नजरेतून सुटलेली असते आणि जिच्यामुळे सगळा निष्कर्ष फसतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सगळं नवशिक्या विद्यार्थ्यासाठी मांडलेलं आहे. म्हणजे ही काही फार गहन गोष्ट नव्हे, पहिल्या वर्गाची आहे.

आता आपला दहावीचा निकाल घ्या. निकाल हा धूर. मुलं शिकली, हा अग्नी. मधलं ओलं सरपण कुठलं?

राज्याचे आकडे बघा. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर आला. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण. २०२० साली ९५.३० टक्के. एका वर्षात अठरा टक्क्यांची चढण. आणि २०२१ साली ९९.९५ टक्के.

महाराष्ट्रातली मुलं २०१८ ते २०१९ या बारा महिन्यांत एकदम मठ्ठ झाली आणि पुढच्या बारा महिन्यांत एकदम हुशार झाली, असं कोणी म्हणणार नाही. झालं होतं ते असं. २०१८-१९ ला दहावीचा अभ्यासक्रम बदलला, आणि त्याच वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस अंतर्गत गुण काढून टाकले. निकाल पडला, ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्यात करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीनं दिले गेले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला.

वीस गुणांचं महत्त्व किती, ते तोंडी हिशेबानं कळेल. लेखी ८० आणि अंतर्गत २०, उत्तीर्ण व्हायला एकत्रित ३५. एखाद्या मुलाला शाळेनं वीसपैकी अठरा दिले, तर लेखी परीक्षेत त्याला ऐंशीपैकी सतरा पुरतात. शाळांनी दिलेले गुण खोटे असतात, असं आम्ही म्हणत नाही. वर्षभर मूल पाहणाऱ्या शिक्षकाच्या मतालाही वजन हवंच. आमचं म्हणणं इतकंच, की निकालाची रेघ वर गेली की खाली आली, हे इथे मुलांपेक्षा त्या वीस गुणांवर जास्त ठरलं. सरपण ओलं होतं की सुकं, हे न बघता आपण धूर मोजत बसलो, आणि त्यावर पेढेही वाटले.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघतो. कार्यकर्ते घरी जातात, मुलाच्या हातात एक कागद देतात. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकानं भागाकार. बस्स. पाचवीतली किती मुलं दुसरीचा मजकूर वाचतात? ग्रामीण भारतात २०१८ साली ५०.५ टक्के, २०२२ साली ४२.८ टक्के, २०२४ साली पुन्हा ४९ च्या जवळ. शाळा बंद होत्या, मुलं मागे पडली, मग हळूहळू सावरली. आपल्या घरात, शेजारात जे दिसलं तेच त्या कागदावर उमटलं. आणि याच काळात आपल्या दहावीच्या निकालानं शंभरी गाठत आणली होती! पाचवी वेगळी, दहावी वेगळी, देश वेगळा आणि राज्य वेगळं, हे मान्य. पण शाळेला कुलूप असताना जी खूण वर चढते, ती शिकण्याची खूण कशी म्हणायची?

मग ‘असर’ बरा, म्हणून सगळं त्याच्यावर सोपवावं का? इथे आम्हाला थोडं त्याच्याही विरुद्ध बोलायला लागेल. देशाचं चित्र म्हणून तो उत्तम आहे. पण जिल्ह्याची वर्षागणिक प्रगती त्याच्यातून वाचणं धोक्याचं. तो एका जिल्ह्यात तीस गावं घेतो, गावातली वीस घरं. २०२२ साली ६१६ जिल्ह्यांत मिळून सुमारे ७ लाख मुलं भेटली, वय ३ ते १६. भागाकार करा. जिल्ह्याला अकराशेच्या वर, आणि एका वयाची ऐंशीएक. ऐंशी मुलांवरून टक्केवारी काढली, तर निव्वळ निवडीच्या योगायोगानं ती दहा-अकरा टक्के इकडे किंवा तिकडे सरकू शकते. म्हणजे ‘आमचा जिल्हा पाच टक्क्यांनी सुधारला’ ही बातमी असेलही, नसेलही. पुढच्या वेळी तीस गावं निराळी निघाली, एवढंही कारण पुरेल.

सरकारी सर्वेक्षणात ही अडचण कमी. १२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात ७२० जिल्ह्यांतली सुमारे ३४ लाख मुलं होती, तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची. जिल्ह्याला एका इयत्तेची हजारावर मुलं आली. ठीक. पण ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ झालं तेव्हा इयत्ता बदलल्या, आता तिसरी, सहावी आणि नववी. म्हणजे पाचवीतल्या मुलांची तुलना कोणाशी करायची? ज्या फूटपट्टीनं गेल्या वेळी उंची मोजली तीच यंदा हातात नसेल, तर पोर वाढलं की पट्टी बदलली, हे सांगणार कोण?

तिसरा प्रकार जिल्ह्यांच्या श्रेणीचा. केंद्र सरकारच्या या निर्देशांकात ८३ निकष आणि ६०० गुण. मुलांची संपादणूक वगैरे परिणामांना २९०. उरलेले ३१० वर्गातलं अध्यापन, सोयीसुविधा, सुरक्षितता, डिजिटल शिक्षण आणि प्रशासन यांना. बरीचशी माहिती यू-डायसवर शाळेनंच भरलेली. स्वच्छतागृह असणं, संगणक असणं या गोष्टी क्षुल्लक आहेत असं नाही. मुलींच्या बाबतीत तर स्वच्छतागृहावर शाळा सुटणं-न सुटणं ठरतं. पण संगणक आला म्हणून जिल्ह्याची श्रेणी वाढली आणि त्याच वर्षी वाचन ढासळलं, तर एकत्र बेरजेत ते दिसणार नाही. बेरीज करताना एक गोष्ट दुसरीला झाकते.

हे दुखणं नवं नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून रॉबर्ट लो यांच्या संहितेनं ‘निकाल तसं अनुदान’ अशी पद्धत आणली. निरीक्षक यायचा, मुलाला वाचायला, लिहायला आणि हिशेब करायला लावायचा, त्यावर शाळेला पैसे मिळायचे. शिक्षकांनी काय केलं असेल? वाचनाचं पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. निरीक्षकापुढे मुलं पुस्तक धरून घडाघडा म्हणून दाखवत, त्याला वाचन म्हणत. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होते, त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची ही रीत पोचली होती. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञानं चलनाच्या धोरणाबद्दल बोलताना याच अंगाचा नियम सांगितला : एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला, की ते माप विश्वासाचं राहत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, धुराला बक्षीस ठेवलं की लोक पाला जाळायला लागतात. आपल्याकडे २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला. त्यातून कित्येक शिक्षकांनी खरोखर जीव ओतून काम केलं, हे सांगायलाच हवं. पण ‘शाळा प्रगत घोषित करा’ हे जिथे उद्दिष्ट झालं, तिथे पाटी आधी लागली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मोजणीत कोण येत नाही?

रोह्याच्या आसपास, डोंगराच्या कडेला कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की त्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. मालकाची उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको, पोरं सगळी निघतात. पावसाच्या आधी परत येतात. आता सर्वेक्षणांच्या तारखा आठवा. १२ नोव्हेंबर. ४ डिसेंबर. त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलांची सरासरी निघाली. भट्टीवर कच्च्या विटा पालथ्या घालणारी पोरगी त्या सरासरीत नाही. तिच्या घरी ‘असर’वाले गेले, तरी तिथे कुलूप. म्हणजे जी मुलं सर्वांत मागे राहण्याची भीती, ती गैरहजर असल्यामुळे जिल्ह्याचा आकडा थोडा चांगलाच दिसतो. यात कोणाचा कट नाही. पद्धतच अशी आहे. पण परिणाम काय, तर तिच्या जाण्यानं आपली प्रगती होते.

वाडीवरच्या छोट्या शाळांची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणू नये खरं तर. तिसरीत चार मुलं. त्यातलं एक वाचायला लागलं की शाळा पंचवीस टक्क्यांनी सुधारली, एक भट्टीवर गेलं की पटच पाऊण झाला. अशा ठिकाणी टक्केवारी काढायचीच कशाला? चार नावं आहेत, चार नावांचंच बोला ना.

‘कॉलेजसाठी तयारी’ हा विषयाचा दुसरा भाग. रोह्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, ते चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, अर्थमंत्री झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. एका तल्लख मुलावरून तालुक्याचं मोजमाप होत नाही, तेव्हा तो मुद्दा नाही. मुद्दा त्या परीक्षेचा आहे. मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. मूल कॉलेजात झेपेल का, हे ती विचारत होती. आजची परीक्षा ‘शालान्त’ आहे. शाळा संपली, इतकंच तिचं नाव सांगतं. तरी आपण तिच्याकडून दोन्ही प्रश्नांची उत्तरं मागतो.

कॉलेजात काय दिसतं, ते आम्ही पाहिलेलं आहे. प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही सुरुवातीलाच अर्ध्या पानाचा एक उतारा द्यायचो. पाठ्यपुस्तकाबाहेरचा, साध्या मराठीतला. तीन प्रश्न असायचे : लेखक काय म्हणतो? कशाच्या आधारावर म्हणतो? तुम्हाला त्यात कुठे शंका वाटते? चांगल्या टक्क्यांची मुलं उताऱ्यातलीच वाक्यं उचलून द्यायची. तिसरा प्रश्न बहुतेक जण कोराच सोडायचे. एका मुलानं आम्हाला विचारलं होतं, ‘सर, शंका लिहिली तर गुण कापणार का?’ बारा वर्षांच्या शाळेनं त्याला काय शिकवलं, ते त्या एका प्रश्नात होतं. आणि खरं सांगायचं तर त्यातली काही वर्षं आम्ही स्वतः काय करत होतो? नोट्स उतरवून देत होतो. मुलं पास व्हायची, कॉलेजचा निकाल चांगला दिसायचा. तेव्हा आज निकालाच्या आकड्यावर टीका करताना आम्ही स्वतःला बाहेर ठेवत नाही.

‘असर’नं २०२३ साली १४ ते १८ वयाच्या मुलांकडे बघितलं, २८ जिल्ह्यांत. ८६.८ टक्के मुलं कुठे ना कुठे शिकत होती. पण सुमारे २५ टक्क्यांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी भागाकार जमणारी मुलं ४३.३ टक्केच होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं. नेऊ. नाव घालणं अवघड नाही. पण दारातून आत आलेलं मूल समोरचं पान एकट्यानं वाचू शकत नसेल, तर आपण त्याला प्रवेश दिला म्हणजे काय दिलं?

आणि हे फक्त कॉलेजपुरतं नाही. इथून धाटावची औद्योगिक वसाहत किती जवळ आहे! आपली मुलं आयटीआय करून, किंवा न करताही, तिथल्या रासायनिक कारखान्यांत लागतात. पिंपावर काय लिहिलंय, कशात काय मिसळायचं नाही, हे वाचता येणं तिथे गुणांसाठी नसतं, जिवासाठी असतं.

मग करायचं काय? टीका करून उठून जाणं सोपं आहे, म्हणून एक साधी सूचना ठेवतो.

प्रगती म्हणजे त्याच मुलाची आजची पायरी आणि त्याचीच मागची पायरी, यांतलं अंतर. यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची तिसरी ही दोन वेगळी मुलं आहेत. त्यांची तुलना म्हणजे थोरल्याच्या मापानं धाकट्याची वाढ सांगणं. सरकारकडे आज प्रत्येक मुलाचा क्रमांक आहे. सरल आलं, मग यू-डायसवर मुलागणिक नोंद आली. पण त्या क्रमांकाचा उपयोग मुख्यतः पट आणि आधार पडताळण्यासाठी, संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरवण्यासाठी होतो. मूल आहे की नाही, हे तो सांगतो. मूल कुठवर आलं, हे त्याला कोणी विचारत नाही.

गावानं हे विचारावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, कायद्यानंच. वर्षातून दोनदा, शाळा उघडल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, प्रत्येक मुलाला एक न पाहिलेला उतारा द्यावा आणि वर सांगितलेले तीन प्रश्न त्याच्या वयाला झेपतील असे विचारावेत. एका वहीत एका मुलाची एक ओळ, पहिलीपासून आठवीपर्यंत तीच ओळ पुढे न्यावी. भट्टीवर गेलेल्या मुलाची ओळ खोडू नये. ‘गेली’ म्हणून महिना लिहावा, परत आली की त्या दिवशी पुन्हा वाचून घ्यावं. ती दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, तर तिच्या शिक्षण हमी कार्डाबरोबर ही ओळही जावी.

शिक्षक म्हणतील, आणखी एक रजिस्टर? त्यांचं खरं आहे. आधीच ऑनलाइन माहिती भरता भरता त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय. म्हणून ही वही पालकांनी धरावी आणि तालुक्याला, जिल्ह्याला पाठवूच नये. तिच्यावर कोणाची बदली नाही, कोणाचा सत्कार नाही, शाळांची क्रमवारी तर नाहीच. ज्या दिवशी ती वर जाईल, त्या दिवशी तिच्यात पाला जळायला लागेल.

मग तिची दखल कोण घेणार? आपल्याकडे सातबाराचं चावडी वाचन करतात. तलाठी नोंदी मोठ्यानं वाचतो, गाव ऐकतं, आणि ‘अहो, ती विहीर माझ्या वाट्याची नाही’ असं कोणीतरी उठून सांगतं. चूक तिथेच पकडली जाते, कारण ऐकणाऱ्याला जमीन ठाऊक असते. शाळांमध्येही चावडी वाचन झालेलं आहे, मुलांना गावापुढे उभं करून वाचायला लावलं. आम्हाला तो भाग पटत नाही. अडखळणाऱ्या पोराची शोभा होते, बाकी काही होत नाही. मुलाचं नाव घेऊ नये, पण वहीचे आकडे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावेत : इतकी मुलं मागच्या वेळेपेक्षा पुढे गेली, इतकी होती तिथेच आहेत, आणि इतक्यांची वाचणी झालीच नाही, कारण ती इथे नव्हती. हा शेवटचा आकडा सर्वांत मोठ्यानं वाचावा. आजपर्यंत एकाही अहवालानं तो आपल्याला वाचून दाखवलेला नाही.

यानं जिल्ह्याची श्रेणी वाढेल का, ते सांगता येत नाही. कदाचित पहिल्या वर्षी चित्र आजच्यापेक्षा वाईटच दिसेल, कारण आज जी मुलं दिसत नाहीत ती दिसायला लागतील. ते सोसायची तयारी हवी. पण त्या आईनं विचारलं, माझी पोरगी दोन वर्षांत काय शिकली, तर समितीतल्या कोणालातरी वही उघडून तिच्या ओळीवर बोट ठेवता येईल.

इथेच थांबतो. कोणाला शंका असतील तर जरूर विचारा, गुण कापणार नाही.